आठ दक्षिण, एकवीस पश्चिम : कॅन्ससमधल्या निकोडेमस टाउनशिपची जमीन आणि माणसं

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात ग्रॅहम काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. तिच्या पूर्व सीमेला लागून निकोडेमस नावाचं एक चिमुकलं गाव आणि त्याच नावाची टाउनशिप आहे. हायवे २४ वरून गाडीने जाताना गाव कधी आलं आणि कधी मागे पडलं हे कळतही नाही. आज तिथे राहणारी माणसं मूठभरच आहेत. तरीही या गावाला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी १८७७ साली हे गाव वसवलं. यादवी युद्धानंतरच्या त्या काळात मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांची जी गावं उभी राहिली, त्यांतलं हे सर्वांत जुनं आणि अजून टिकून असलेलं गाव.

या गावाची गोष्ट समजून घ्यायची तर आधी ‘टाउनशिप’ हा प्रकार समजून घ्यावा लागतो. अमेरिकेच्या मध्यभागातली गावं कुठे वसली, का वसली आणि का ओस पडली, याची निम्मी उत्तरं त्यातच मिळतात.

माणसांच्या आधी चौकोन

सरकारी दप्तरात निकोडेमस गावाचा ठिकाणा असा आहे : सेक्शन १, टाउनशिप ८ दक्षिण, रेंज २१ पश्चिम. आपल्याकडे सातबाऱ्यावर गट नंबर असतो तसाच हा जमिनीचा ठिकाणा. फरक इतकाच, की आपल्याकडे गाव आणि शेतं आधी होती, मोजणी मागून आली. तिथे मोजणी आधी झाली आणि गावं नंतर वसली.

स्वातंत्र्ययुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेच्या नव्या सरकारकडे पैसा नव्हता, पण पश्चिमेकडच्या प्रचंड जमिनीवर हक्क सांगितलेला होता. ती विकायची तर आधी मोजायला हवी. म्हणून २० मे १७८५ रोजी जमीन मोजणीचा कायदा झाला आणि पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर, ओहायो नदीच्या काठावरून मोजणी सुरू झाली. पद्धत अशी : जमिनीचे सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौकोन पाडायचे. असा प्रत्येक चौकोन म्हणजे एक टाउनशिप. तिचे पुन्हा एकेक मैलाचे ३६ तुकडे पाडायचे, त्यांना सेक्शन म्हणतात. एक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चौथा हिस्सा १६० एकरांचा. डोंगर असो, नदी असो, दलदल असो, रेषा सरळच जाणार.

मोजायला गंटर साहेबाची साखळी असे. ती ६६ फूट लांब, शंभर कड्यांची. ८० साखळ्या म्हणजे एक मैल. इथे मराठी वाचकाला एक ओळखीची खूण सापडते. या साखळीची निम्मी लांबी ३३ फूट होते, आणि ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला एक गुंठा. गुंठा आणि एकर यांचा मेळ चाळिसाच्या नेमक्या पटीत बसतो तो यामुळेच. कॅन्ससच्या माळरानावर चौकोन पाडणारं माप आणि आपल्याकडच्या जमिनीचं माप एकाच इंग्रजी घराण्यातलं आहे. त्या हिशेबाने १६० एकर म्हणजे ६,४०० गुंठे झाले.

कॅन्सस आणि नेब्रास्का यांच्या मोजणीला दोन मूळ रेषा आहेत. एक आडवी, ४० अंश उत्तर अक्षांशाची. हीच आज या दोन राज्यांमधली सीमा आहे. दुसरी उभी, तिला सहावी मुख्य मध्यान्ह रेषा म्हणतात. या दोन रेषा जिथे छेदतात तिथून मोजायला लागायचं. ‘टाउनशिप ८ दक्षिण’ म्हणजे आडव्या रेषेच्या खाली आठवी ओळ, म्हणजे सात ओळी ओलांडून ४२ मैलांनंतर तिची सुरुवात होते. ‘रेंज २१ पश्चिम’ म्हणजे उभ्या रेषेच्या डावीकडे एकविसावा रकाना, तो १२० मैलांनंतर लागतो. मग सेक्शनचे क्रमांक. ते ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, असं नांगरटीच्या तासांप्रमाणे वळत वळत छत्तिसावा सेक्शन आग्नेय कोपऱ्यात येतो. सेक्शन १, म्हणजे चौकोनाचा ईशान्य कोपरा. निकोडेमस गाव त्या कोपऱ्यात आहे.

पृथ्वी गोल आहे आणि उत्तरेकडे जाताना उभ्या रेषा एकमेकींच्या जवळ येतात. त्यामुळे सगळे चौकोन नेमके सारखे होणं शक्यच नव्हतं. मोजणीदारांनी ठरावीक अंतरावर सुधारणेच्या रेषा ठेवल्या, आणि चौकोनाच्या आत उरलेली सगळी तूट-वाढ उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांमध्ये ढकलली. आजही मध्यपश्चिमेत मैलोन्‌मैल सरळ जाणारा रस्ता मध्येच झटकन बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ धावू लागतो. तिथे पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब चुकता केलेला असतो. हे रस्ते बहुतेक सेक्शनांच्या हद्दीवरूनच जातात, म्हणून ते एकेक मैलावर एकमेकांना काटकोनात छेदतात.

या कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. प्रत्येक टाउनशिपमधला १६ क्रमांकाचा सेक्शन शाळेसाठी राखून ठेवलेला होता. कॅन्ससमध्ये त्याच्या जोडीला ३६ क्रमांकाचाही. तिथे शाळेची इमारतच उभी राहायला हवी असं नव्हतं, त्या जमिनीचं उत्पन्न शाळांना जायचं. गाव वसण्याआधीच त्याच्या शाळेच्या खर्चाची सोय नकाशावर झालेली होती.

एक गोंधळ इथेच मिटवायला हवा, कारण अमेरिकन नकाशे वाचताना तो हमखास होतो. ‘टाउनशिप’ या एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. एक म्हणजे वर सांगितलेला मोजणीचा चौकोन. दुसरी म्हणजे स्थानिक कारभाराची टाउनशिप, काउंटीच्या खालचा लहानसा घटक. या दुसरीच्या हद्दी चौकोनाला धरून असतीलच असं नाही, ती मोठी किंवा वेडीवाकडीही असू शकते. कॅन्ससमध्ये अशा बाराशेहून जास्त टाउनशिप आहेत. प्रत्येकीचा कारभार तीन माणसं पाहतात : विश्वस्त, कारकून आणि खजिनदार. रस्त्यांची डागडुजी, दफनभूमीची निगा, आगीच्या बंबाची सोय, अशी कामं त्यांच्याकडे असतात. निकोडेमस हे नाव गावाला आहे तसंच या कारभाराच्या टाउनशिपलाही आहे.

ही जमीन रिकामी नव्हती

चौकोन पाडणाऱ्यांच्या नकाशावर जमीन कोरी दिसते, पण ती तशी नव्हती. निकोडेमसजवळच्या सॉलोमन नदीच्या खोऱ्यात पॉनी, कॉ, शायेन आणि अरापाहो लोक शिकार करत, तळ ठोकत. रानगव्यांचे कळप इथून जात. १८२५ साली कॉ लोकांकडून करार करून मोठा मुलूख घेतला गेला. १८६७ च्या मेडिसिन लॉज करारानंतर शायेन आणि अरापाहो यांना दक्षिणेकडे हलवण्यात आलं. त्यानंतर दहाच वर्षांनी निकोडेमस वसलं. गुलामीतून सुटलेल्यांना मिळालेली जमीन दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलेली होती. ही दोन्ही सत्यं एकाच मातीत आहेत, आणि एक सांगताना दुसरं गाळणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने या चौकोनांचा चौथा हिस्सा, म्हणजे १६० एकर, जवळजवळ फुकट देऊ केला. अर्जाची थोडी फी भरायची, पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, की ती तुमच्या नावावर. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झालेली किंवा कुटुंबप्रमुख असलेली व्यक्ती अर्ज करू शकत असे, त्यात एकट्या आणि विधवा स्त्रियाही आल्या. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीयांच्या नागरिकत्वावर शिक्कामोर्तब केलं आणि कायद्याच्या दृष्टीने हे दार त्यांनाही उघडलं.

मग १८७७ साल उजाडलं. दक्षिणेतल्या राज्यांत स्वतंत्र झालेल्यांच्या संरक्षणासाठी उभं असलेलं केंद्राचं सैन्य त्या वसंतात मागे घेतलं गेलं. दक्षिणेत जुने जमीनदार पुन्हा वरचढ झाले. जवळपास सगळ्यांच्याच वाट्याला दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणं, कर्ज आणि मारहाणीची भीती आली. स्वतःची जमीन ही त्या काळी नुसती मालमत्ता नव्हती. मालकाच्या हुकुमाबाहेर राहण्याचा तो एकमेव खात्रीचा मार्ग होता. पुण्यात बसून जोतीराव फुले हा संघर्ष किती बारकाईने पाहत होते याची साक्ष आपल्याकडे आहे. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना. निकोडेमसची पायाभरणी झाली ती त्यानंतर चारच वर्षांनी.

जमिनीतून निघणारा धूर

एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. सात सदस्य, त्यांतले सहा कृष्णवर्णीय आणि एक गोरा. तो गोरा म्हणजे इंडियानातून आलेला जमिनीचा दलाल डब्ल्यू. आर. हिल. कृष्णवर्णीय धर्मोपदेशक डब्ल्यू. एच. स्मिथ त्याच्या जोडीला होते. केंटकी राज्यात लेक्सिंग्टनच्या आसपास हस्तपत्रकं वाटली गेली : ५ सप्टेंबर १८७७ रोजी ज्यांना कॅन्ससला जायचं आहे त्यांना पाच डॉलरांत जाता येईल. पहिली छोटी टोळी टोपेका शहरातून जुलैच्या अखेरीला आली होती. सप्टेंबरमध्ये केंटकीहून तीनशेहून जास्त माणसं आली. रेल्वे एलिस गावापर्यंत होती, पुढचे सुमारे पस्तीस मैल गाडी किंवा पाय.

केंटकी हा हिरव्या टेकड्यांचा, भरपूर झाडांचा प्रदेश. तिथून आलेल्यांना इथे लाकूड दिसेना. नदीकाठची थोडी झाडं सोडली तर नजर पोचेल तिथवर आखूड गवत. बांधकामाला लाकूड नाही, जळणाला लाकूड नाही, नांगराला पुरेशी जनावरं नाहीत आणि पेरणीचा हंगाम तर निघून गेलेला. कित्येक कुटुंबं आल्या पावली परतली. हिलने जे रंगवून सांगितलं होतं त्यातलं काहीच दिसत नव्हतं, म्हणून त्याच्यावर लोक इतके संतापले की त्याला जीव मुठीत धरून लपावं लागलं, असं सांगतात.

जे राहिले त्यांनी जमिनीत घरं खणली. उताराच्या पोटात खोली कोरायची, पुढची बाजू गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या मातीच्या ढेपांनी किंवा दगडांनी बंद करायची, वर फांद्या आणि माती टाकून छप्पर करायचं. या घरांना डगआउट म्हणत. थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा, पण पाऊस आला की छतातून चिखल गळायचा, आणि साप-उंदीर सोबतीला असायचे.

पुढच्या वसंतात, १८७८ साली, केंटकीतल्या जॉर्जटाउनहून आणखी एक तांडा आला. त्यात विलियाना हिकमन आणि त्यांचे धर्मोपदेशक पती डॅनियल होते. एलिसला पोचल्यावर गोवराची साथ आली, काही मुलं दगावली. त्यांना पुरून लोक पुढे निघाले. वाट अशी नव्हतीच, होकायंत्र पाहत चालायचं. दोन दिवसांनी पुरुष ओरडले, ‘ते बघा निकोडेमस!’ विलियानाबाईंनी डोळे ताणून पाहिलं, त्यांना काहीच दिसेना. मग पतीने जमिनीतून ठिकठिकाणी निघणारा धूर दाखवला, तेच गाव. त्या रडू लागल्या. ही आठवण पुढे त्यांनी स्वतःच सांगितली. रडलेल्या विलियानाबाई पुढे त्याच परिसरात राहिल्या, संसार केला, आणि त्या नवरा-बायकोने तिथे चर्च उभारलं.

पहिला हिवाळा कसा निघाला? पुरुष एलिसला किंवा आणखी लांब मजुरीला गेले. बायकामुलांनी गाव सांभाळलं. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्याजवळचं मांस वाटून दिलं, अशी आठवण निकोडेमसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वसंतात कुदळ-फावड्याने जमीन उकरून पेरणी झाली. ज्या गवताची मुळं शतकानुशतकं एकमेकांत गुंतलेली, ते रान हाताने फोडायचं म्हणजे काय कष्ट असतील याची कल्पना शेतकऱ्यालाच येईल.

दहा वर्षांत गाव जमिनीवर आलं. झॅकरी फ्लेचर पोस्टमास्तर झाले, त्यांनी १८८० च्या सुमारास सेंट फ्रान्सिस हॉटेल काढलं. त्यांच्या पत्नी जेनी गावातल्या पहिल्या शिक्षिका. चुनखडीच्या दगडाच्या इमारती उभ्या राहिल्या. दुकानं, बँक, चर्चं, बेसबॉलचा संघ, आणि ‘वेस्टर्न सायक्लोन’ व ‘निकोडेमस एंटरप्राइज’ ही दोन वृत्तपत्रं. एडवर्ड मॅकेब नावाचा तरुण १८७८ साली इथे आला, लोकांच्या जमिनीच्या कागदपत्रांचं काम पाहू लागला. १८८० साली ग्रॅहम काउंटीचा कारभार सुरू झाला तेव्हा गव्हर्नरने त्याला तात्पुरता काउंटी कारकून नेमलं. १८८२ च्या निवडणुकीत तो कॅन्सस राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला. गुलामी संपून वीस वर्षंही झाली नव्हती, आणि जमिनीतल्या घरांच्या गावातला कृष्णवर्णीय माणूस सगळ्या राज्याचे हिशेब तपासत होता.

रेल्वे, आणि तिच्याहून मोठं कारण

१८८० च्या दशकात माळरानावरच्या गावांसाठी रेल्वे म्हणजे जगणं-मरणं होतं. गहू घोडागाडीने पस्तीस मैल न्यायचा तर नफा वाटेतच संपायचा. १८८७ साली टाउनशिपच्या मतदारांनी मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी १६,००० डॉलरांचे रोखे मंजूर केले. कंपनी आलीच नाही. मग युनियन पॅसिफिकची आशा लागली. १८८८ मध्ये तिचा मार्ग आला, पण सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून, निकोडेमसला वगळून. पाच-सहा मैलांवर रुळांच्या कामगारांचा तळ होता, त्याचंच बोग नावाचं गाव झालं. निकोडेमसचे व्यापारी एकेक करून नदीपलीकडे गेले.

निकोडेमसची कहाणी सांगताना बहुतेक जण इथे थांबतात : रेल्वे आली नाही, गाव संपलं. मला हे उत्तर अपुरं वाटतं. बोगला रेल्वे मिळाली, पण आज बोगही लहानसं गावच आहे. अशी कितीतरी रेल्वेची गावंही त्या पट्ट्यात ओसरली. खरं कारण त्या चौकोनात आहे.

१६० एकरांचं माप ठरलं ते पूर्वेकडच्या पावसाच्या अनुभवावर. ओहायोत किंवा इलिनॉयमध्ये एवढ्या जमिनीवर कुटुंब सुखाने जगायचं. निकोडेमस मात्र शंभराव्या पश्चिम रेखांशाच्या अवघ्या वीस मैल अलीकडे आहे. या रेषेच्या आसपास पाऊस वर्षाला वीस इंचांवर, म्हणजे पन्नास सेंटीमीटरवर येतो, आणि तोही बेभरवशाचा. भूगर्भतज्ज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ साली सरकारला दिलेल्या अहवालात हेच बजावलं होतं, की कोरड्या मुलखात पूर्वेकडचं जमिनीचं माप चालणार नाही. पाण्याच्या सोयीप्रमाणे जमीन वाटा, कुरणासाठी तर कित्येक पट मोठे तुकडे द्या. विलियाना हिकमन जमिनीतला धूर पाहून रडल्या ते हेच वर्ष. अहवाल बाजूला पडला, चौकोन तसेच राहिले.

ओल्या वर्षांत १६० एकर पुरत. १८९० च्या दशकातल्या कोरड्या वर्षांत पुरेनात. रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी १८७४ मध्ये कॅन्ससमध्ये आणलेला हिवाळी गहू या हवेला मानवला, पण त्यालाही जमीन जास्त लागते. ज्याच्याकडे भांडवल त्याने शेजारचा हिस्सा विकत घेतला, बाकीचे निघून गेले. १९३० च्या दशकात धुळीची वादळं आणि मंदी एकत्र आली तेव्हा राहिलेल्यांतलेही पुष्कळ जण शहरांकडे गेले. सगळ्या पठारावरच शेतं मोठी होत गेली आणि माणसं कमी. कृष्णवर्णीय शेतकऱ्याला कर्ज मिळणं अधिक अवघड, म्हणून निकोडेमसला हा मार जास्त बसला.

टाउनशिपचा हॉल उभा राहिला तो नेमका त्या वाईट दिवसांत. मंदीत बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून १९३९ साली स्थानिक चुनखडीची ती साधी इमारत बांधली गेली. मतदान, सभा, नाच, लग्नाची जेवणं, सगळं तिथेच. १९५३ साली पोस्ट बंद झालं, पुढे शाळाही. व्हेरिल स्वित्झर याच गावात १९३२ साली जन्मले, पुढे ग्रीन बे पॅकर्स संघाकडून व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळले आणि नंतर कॅन्सस स्टेट विद्यापीठात दीर्घकाळ काम केलं.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. त्यात पाच इमारती येतात : टाउनशिप हॉल, सेंट फ्रान्सिस हॉटेल, शाळा, आफ्रिकन मेथडिस्ट चर्च आणि पहिलं बाप्टिस्ट चर्च. यासाठी गावच्या वंशजांनी बरीच वर्षं नेटाने पाठपुरावा केला होता.

आजही आजूबाजूची काही जमीन पहिल्या कुटुंबांच्या वंशजांच्या मालकीची आहे. काही जण स्वतः कसतात, काही जण खंडाने देतात. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधली गुलामी १ ऑगस्ट १८३४ रोजी कायद्याने संपली, त्या स्मरणार्थ निकोडेमसमध्ये वसाहतीच्या अगदी सुरुवातीपासून मुक्तिदिनाचा मेळा भरतो. आता तो जुलैच्या अखेरीला होतो. डेन्व्हर, टोपेका, कॅन्सस सिटी अशा ठिकाणांहून शेकडो वंशज येतात. मिरवणूक निघते, पंगती बसतात, म्हातारी माणसं मुलांना जवळच्या उतारावर नेऊन कोणत्या घराण्याचं डगआउट कुठे होतं ते दाखवतात.